आधी तूच त्यात चहा पी

पोरी,

तू घडवलेल्या मातीच्या कपांचे फोटो पाहिले गं, नऊच्या नऊ. निळा ग्लेझ, वरचा काचेसारखा थर, तर काय सुंदर उतरलाय! पण नोकरी सोडून फक्त यावर जगता येईल का असं विचारलंस, ते मला फोटोवरून कसं कळणार, कप हातात कुठे आलाय माझ्या.

एक कर, त्यातला एक कप महिनाभर घरात रोज वापर, चहा, ताक, वरण काहीही. कान धरल्यावर बोटं कपाला टेकून भाजतात का, कड ओठाला जाड लागते का, बूड ओट्यावर खरखरतं का ते बघ. मी सुरुवातीला विकायच्या घाईत हे केलंच नाही, माझ्या किटलीच्या चोचीतून चहा ओघळायचा आणि ते मला एका गिऱ्हाईक काकूंनी सांगितलं, त्या रात्री झोप नाही लागली मला. चोचीची कड गोल केली की थेंब खाली वळतो, कडेला धार ठेवली की तुटतो, एवढंच होतं.

आणि लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवून बघ, सकाळी तिथला रंग उडाला किंवा चकाकी गेली तर तो ग्लेझ जेवणाच्या भांड्याला नको म्हणजे नकोच, कितीही आवडता असू दे.

मापाचं पण बोलायचंय. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या कडक होणाऱ्या भांड्यांची, माती १२५० डिग्रीपर्यंत भाजून निघेस्तोवर साधारण १२ टक्के आटते, ऐकायला कमी वाटतं पण ती उंचीत, रुंदीत सगळीकडूनच आटते ना, म्हणजे चाकावर ३०० मिली मावेल असा केलेला कप भट्टीतून जेमतेम २०० चा निघतो. म्हणून वजन करून गोळे घे आणि एकच कप ५० वेळा कर. कंटाळवाणं आहे, हो, पण हात त्यातच तयार होतो. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ मध्ये पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली ती रोजच्या वापराच्या भांड्यांवरच उभी राहिली, आणि आज आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ पॉटर तिथे शिकून आलेत.

किमतीचं विचारलंस, तर अमेरिकेतल्या मिनेसोटाचे कुंभार वॉरन मॅकेन्झी मला फार जवळचे वाटतात. एवढं नाव झालं तरी त्यांनी किमती मुद्दाम कमी ठेवल्या, कारण भांडं महाग झालं की लोक ते शोकेसमध्ये ठेवतात. तू तेवढी कमी ठेवू नकोस, गॅस आणि फुटलेला माल धरूनच हिशोब कर, पण कोणी घाबरत घाबरत वापरेल इतकीही नको.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. पुढच्या महिन्यात मी भट्टी लावतेय तेव्हा ये, आणि तो महिनाभर वापरलेला कप घेऊन ये, घासून चकाचक नको करूस, चहाचे डाग ग्लेझमध्ये कुठे कुठे शिरलेत ते बघायचंय मला.

तुझी मावशी