सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर ड्रायव्हर बसत नाही, कोड ४३ येतो. विंडोज फॉरमॅट मारावी का?

नका मारू. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की जुनं एनव्हिडियाचं कार्ड काढून सेकंडहँड एएमडीचं टाकलं, ड्रायव्हर टाकताना स्क्रीन काळी होते, रीस्टार्ट केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३ (म्हणजे कार्डाने गडबड कळवली म्हणून विंडोजने ते बंद केलं), आणि दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारून बघू. डोकंच फिरलं माझं वाचून, कारण हेच वाक्य मी २०२२ ला ऐकलंय, ते पण आमच्या दाजींकडून.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तेव्हा एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय होतं, ६० वॅटचं गरीब कार्ड, माझ्यावाल्याला वेगळी पॉवर केबलसुद्धा लागायची नाही, पण फोरके फुटेज टाकलं की रिझॉल्व्ह, म्हणजे माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, रडायला लागायचं. त्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं राबवून क्रिप्टो कमवायचा धंदा, बंद झालं, मायनिंगवाल्यांनी कार्डं विकायला काढली, त्यातलंच एक एएमडीचं आरएक्स ५८० मी उचललं. विकणारा म्हणला फक्त गेमिंगला वापरलंय. मीही मान डोलावली, स्वस्त होतं ना.

टाकलं, डिस्प्ले आला, पण आयकॉन हे एवढाले. ड्रायव्हर टाकला, काळी स्क्रीन, कोड ४३. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, पुढच्या आठवड्यात दोन तारखा घेतलेल्या आणि एका हळदीचा व्हिडिओ निम्मा कापून झालेला. नेमके त्याच दिवशी दाजी आलेले. दाजी एका ऑफिसात कॉम्प्युटर बघतात, त्यामुळे आमच्या घरात प्लग काढायचा तरी त्यांना विचारून. म्हणले, "एनव्हिडियाचा कचरा राहिलाय आत, फॉरमॅट मार, तासाभरात मोकळा होशील." म्हणलं दाजी, आधी सेफ मोडमधून, म्हणजे विंडोज मोजक्या ड्रायव्हरवर उघडून, जुना ड्रायव्हर काढून बघूया की. "तू व्हिडिओ काप, हे मला शिकवू नकोस." ताई चहा घेऊन आली ती पण त्यांच्याच बाजूने. मारलं फॉरमॅट.

फुटेज डी ड्राइव्हला होतं, ते वाचलं. पण रिझॉल्व्हचं कटिंग फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतं, ते त्याच्या डेटाबेसमध्ये जातं, आणि तो तुम्ही मुद्दाम हलवला नसेल तर सी ड्राइव्हवरच असतो. गेलं. नवरीच्या आजीने हळद लावता लावता नातीच्या नाकाला बोट पुसलं होतं, तो शॉट मी ढोलाच्या ठोक्यावर बरोब्बर बसवला होता, तो पण गेला. श्रीलिपी परत टाका, फॉन्ट परत टाका, ते वेगळंच. आणि एवढं करून ड्रायव्हर टाकला तर परत कोड ४३! कोऱ्या विंडोजवर. आता कुठला कचरा राहिलावता आत?

रात्री कार्ड बाहेर काढून टॉर्च मारून बघत बसलो तर वरच्या कडेला तांदळाएवढा स्विच. म्हणजे कार्डात दोन बायोस (बायोस म्हणजे कार्ड कसं चालायचं ते सांगणारा त्याच्यातलाच प्रोग्राम). मायनिंगवाले बायोसमध्ये मेमरीचं टायमिंग बदलतात, आणि एएमडीचा ड्रायव्हर बायोसची सही तपासतो, जुळली नाही की कार्ड चालूच करत नाही. पीसी बंदच होता, उदबत्तीच्या काडीने स्विच पलीकडे, म्हणजे दुसऱ्या बायोसवर, सरकवला, कार्ड बसवलं. ड्रायव्हर पहिल्या झटक्यात बसला.

दाजी आजही म्हणतात, फॉरमॅट मारलेलं होतं म्हणून बसला. माणूस हरत नाही.

तर तुमचं. आधी तो स्विच बघा, असेल तर पीसी बंद करून सरकवा. नसेल तर कार्ड मित्राच्या पीसीत लावून बघा, तिथेही कोड ४३ आला तर तुमच्या विंडोजचा काय दोष? मग ओरिजिनल बायोस परत मारावा लागतो, तुमच्याच मॉडेलचा आणि मेमरीची कंपनी जुळवून, पण मी म्हणेन विकणाऱ्याच्या गळ्यात परत घाला. पॉवर पण बघा, स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि माझ्या ५८० ला १८५ लागतात, म्हणजे बाकीचे पॉवर केबलमधून यायला हवेत.

मित्राकडे नीट चाललं तर मग ड्रायव्हरचा घोळ. इंटरनेट काढा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकते, शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या ड्रायव्हर पुसायच्या टूलने एनव्हिडिया आणि एएमडी दोन्ही साफ करा, मग एएमडीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. डीडीयू आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नेट काढल्यावर आठवतं सगळ्यांना.

हां, एक राहिलंच, विंडोज ११ असेल तर सेफ मोडला जायच्या आधी बिटलॉकर (ड्राइव्हला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर दारातच अडकाल. आणि खरं सांगायचं तर कधीकधी विंडोजच इतकी बिघडलेली असते की फॉरमॅटशिवाय गत्यंतर नसतं, हे मी दाजींसमोर कबूल करणार नाही. पण ते सगळ्यात शेवटी, आणि प्रोजेक्टचा बॅकअप काढून.

हळदीचा व्हिडिओ मी परत कापून दिला. त्यांना आवडला म्हणे. पहिला जास्त चांगला होता.