चेक, चेक्स आणि शह

बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि ‘कडी लावलीय का चेक कर’ मधला चेक, हे तीन वेगळे शब्द की एकच, असा प्रश्न आहे. एकच. आणि त्याचं मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे.

राजावर मारा आला की आपण ‘शह’ म्हणतो. हा फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. (वेदातलं ‘क्षयति’, म्हणजे राज्य करतो, आणि आपला ‘क्षत्रिय’ हे त्याचेच भाऊबंद.) खेळ अरबांच्या हातून युरोपात गेला, तेव्हा शाहही गेला. लॅटिनात त्याचा ‘स्काकस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजांनी पुढचा ‘ए’ गाळून ‘चेक’ केला. ‘चेस’ हे खेळाचं नावसुद्धा त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन.

शह बसला की बाकी डाव सोडून आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अडवणूक, लगाम. आपल्या ‘शह-काटशहा’त हाच अर्थ आहे. (हिंदीत मात्र ‘शह देना’ म्हणजे फूस लावणं. मराठी माणूस तिथे हमखास फसतो.) लगाम ठेवायचा तर लक्षही ठेवायला हवं, त्यातून ताळा घेणं, तपासणं हा अर्थ आला.

बँकेचा चेक निघाला तो या तपासण्यातून. १८व्या शतकाच्या सुरुवातीला कागद फाडून दिल्यावर मागे जी स्थळप्रत उरे, तिला चेक म्हणत. कुणी बनावट कागद आणला तर तिच्याशी ताडून बघायचं. पुढे हे नाव कागदालाच चिकटलं. ब्रिटिश स्पेलिंगच्या शेवटी जे ‘क्यू-यू-ई’ लटकतं, ते ‘एक्स्चेकर’च्या संगतीचा परिणाम. अमेरिकन लोक अजून साधं ‘सी-के’वर भागवतात.

एक्स्चेकर हे इंग्लंडच्या राजाचं हिशोबखातं. १२व्या शतकातल्या वर्णनानुसार तिथे सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद मेज असे. सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून कडा उंच, वर रेघा आखलेलं काळं कापड. पौंडांचा रकाना वेगळा, शिलिंगांचा वेगळा, पेन्सचा वेगळा. वसुली घेऊन आलेल्या अधिकाऱ्यासमोर सोंगट्या मांडत, उचलत हिशोब चाले. बघणाऱ्याला बुद्धिबळाचा पटच वाटावा, म्हणून खात्याला पटाचं नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. शर्टाच्या चौकड्याही या पटावरच्याच.

आणि नुसत्या इंग्रजांनाच पटावरून कापड सुचलं असं नाही. आपल्या ‘चतुरंग’चा इराणमार्गे ‘शतरंज’ झाला आणि पटासारख्या चौकड्यांच्या जाड बिछायतीला म्हणू लागले शतरंजी, म्हणजे आपली सतरंजी. हल्ली मांडवात अंथरतात ती बहुधा पट्ट्यापट्ट्यांची असते, चौकडी औषधालाही सापडत नाही.