फ्रेंचमधले ‘त्यू’ आणि ‘वू’ म्हणजे आपले तू-तुम्हीच का?

प्रश्न असा आहे: ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही, एवढं लक्षात ठेवलं की झालं ना? मग फ्रेंच बोलायला तिथली संस्कृती वेगळी कशाला शिकायची?

व्याकरणापुरतं झालं. आपल्या ‘तुम्ही’सारखंच ‘वू’ अनेकांनाही चालतं आणि एकट्या माणसाला आदराने बोलतानाही. अडतं ते प्रत्यक्ष बोलताना. आपल्याकडे आदर बहुधा एकतर्फी असतो. मी काकांना अहो-जाहो करतो, काका मला अरे-तुरे करतात. हॉटेलातल्या पोऱ्याला गिऱ्हाईक सर्रास ‘तू’ म्हणतं आणि तो मात्र ‘साहेब’ म्हणतो. (हे आपल्याला खटकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.) फ्रान्समध्ये दोन अनोळखी प्रौढ माणसं भेटली, की ‘वू’ दोन्ही बाजूंनी. साठीच्या बाईंनीही विशीतल्या वेटरला ‘वू’च म्हणायचं. तिथे ‘त्यू’ म्हटलं तर त्याला तो पाणउतारा वाटतो. लहान मुलांना मात्र मोठे ‘त्यू’ म्हणतात.

उलट घरात बघा. आई, वडील, आजी, आजोबा, बहुतेक घरांत सगळेच ‘त्यू’. आजोबांना ‘त्यू’ म्हणायला मराठी जीभ अडखळते, पण तिथे ‘वू’ म्हटलं तर नातवाचं काहीतरी बिनसलंय असं वाटेल. याला अपवाद आहेत. माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत एकमेकांना ‘वू’ म्हणत. तेही दोघं एकमेकांना. आपल्या जुन्या घरांतल्यासारखं फक्त बायकोने ‘अहो’ म्हणणं नव्हे. विठोबाला आपण कायम ‘तू’च म्हणत आलो. फ्रेंच कॅथलिकांच्या ‘आमच्या पित्या’ या प्रार्थनेत मात्र ‘वू’ जाऊन ‘त्यू’ आलं ते 1966 साली.

म्हणजे ‘वू’ वयापेक्षा अंतर मोजतं. ते अंतर कधी मिटवायचं हे साधारणपणे वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेला सुचवतो: “ऑं स त्युत्वा?”, म्हणजे आता एकमेकांना ‘त्यू’ म्हणूया का? यासाठी भाषेत खास क्रियापदंच आहेत, ‘त्युत्वाये’ आणि ‘वुव्वाये’. निमंत्रणपत्रिकेवरच्या ‘आर.एस.व्ही.पी.’मधलं ‘सिल वू प्ले’ (म्हणजे ‘कृपया’) हेसुद्धा मित्राशी बोलताना ‘सिल त प्ले’ होतं.

आणि या सगळ्याच्या आधी ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार. बेकरीत शिरल्यावर, बसमध्ये चढताना चालकाला, आधी ‘बोंजूर’ आणि मग काम. आपण दुकानात थेट “पाव किलो साखर द्या” म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो. पॅरिसमध्ये तीच सवय उद्धट ठरते, मग तुमचे उच्चार कितीही चोख असोत.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये ‘त्यू’ बरंच सढळपणे वापरतात. तिथे फ्रेंच शिकून फ्रान्सला जाणाऱ्याने सुरुवात ‘वू’ने करावी आणि समोरच्याने सुचवेपर्यंत तिथेच थांबावं.