‘शेवटी मुलगा की मुलगी?’

सातारा जिल्ह्यातलं एक जोडपं माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं ते लेकराच्या तपासण्यांची फाईल घेऊनच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थायरॉइड, हार्मोन्स, सोनोग्राफी, क्रोमोसोमची तपासणीसुद्धा. सगळं नॉर्मल. पुण्यात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या लेकरानं दिवाळीत घरी सांगितलं होतं, “मी मुलगीही नाही आणि मुलगाही नाही.” आई रडत बसली, वडिलांनी लॅब गाठली.

“मॅडम, मुलगा व्हायचंय म्हणाली असती तर एकवेळ समजलो असतो. हे मधलंच काय?”

बहुतेक पालक इथेच अडतात. ‘आपण कोण’ ही जाणीव रक्ताच्या रिपोर्टात सापडत नाही. शरीररचनाच वेगळी असणं, म्हणजे इंटरसेक्स असणं, ही निराळी गोष्ट; कोण आवडतं हा आणखी वेगळा मुद्दा. नॉन-बायनरी, म्हणजे फक्त ‘स्त्री’ किंवा फक्त ‘पुरुष’ या चौकटीत न बसणाऱ्या व्यक्तींपैकी काहींना दोन्ही ओळखी थोड्याथोड्या आपल्या वाटतात, काहींना एकही नाही. दरवेळी ‘मधलं’च असेल असं नाही. आणि हा आजार नाही, त्यामुळे ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे लिंगओळख किंवा लैंगिक कल ‘बदलून देण्याच्या’ उपचारांना, व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. आपली लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला, हेही वडिलांना सांगितलं. कोर्टाचं नाव निघाल्यावर ते जरा सावरून बसले!

लेकराशी एकटं बोलले तेव्हा कायदाबियदा कुठेच नव्हता. अडचण होती मामेबहिणीच्या लग्नाची. “साडीचं काही नाही हो. पण नेसल्यावर सगळ्याजणी म्हणतात, बघ, आता कशी शोभतेस. तेव्हा पोटात गोळा येतो.”

मग तिघांना समोर बसवून फक्त लग्नापुरतं बोललो. आईनंच तोडगा काढला : खणाचा कुर्ता, खाली साधी पँट. “पाहुण्यांना काय सांगू?” वडील म्हणाले. सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं. कुणाला, किती सांगायचं ते लेकरू ठरवेल.

“आणि उद्या तिचं मत बदललं तर?”

“बदललं तर तेही तुम्हालाच येऊन सांगेल. आज ऐकून घेतलंत तर.”

वडिलांना पटलंय असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी आजीला आणू का, असं आईनं विचारलं. आणा म्हटलं, पण आधी लेकराला विचारून.