थायलंडमधल्या फुकेतला ३ दिवसांत काय काय बघावं?
पातोंग बीचला एक संध्याकाळ पुरे, गर्दी आणि गोंगाट सोडला तर तिथं फार काही नाही असं माझं मत. ओल्ड टाउन मात्र सकाळी सकाळी पायी फिरा, टिनच्या खाणींवर पैसेवाले झालेल्या चिनी लोकांची जुनी रंगीत घरं आहेत, भारी वाटतं. एक अख्खा दिवस बोटीला ठेवा, फी फी बेटं करा, आणि तिथला माया बे हा बीच बघायचाच असेल तर आधी तारखा चेक करा कारण पर्यटकांनी कोरलची वाट लावली म्हणून २०१८ ला तो बंदच केलेला, २०२२ ला उघडला तरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद असतो, आणि पोहायला बंदी. सनसेटला प्रोमथेप केप, जरा लवकर पोचा. पावसाळ्यात जाताय तर लाल झेंडा दिसला की पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.