रात्री उपाशी, तरी सकाळी साखर जास्त कशी?

मधुमेह असलेल्या ५२ वर्षांच्या एक बाई साखरेच्या नोंदींची वही घेऊन समुपदेशनाला आल्या. झोपताना १२८, सकाळी १५१ (मिग्रॅ/डेसिलिटर). आठ दिवस रात्रीचं जेवण बंद. "पोटात कणभर गेलं नाही, मग साखर आली कुठून? मशीन बिघडलंय का?"

मशीन ठीक होतं. साखर यकृतातून आली होती.

अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूलाच तासाला जवळपास तेवढी लागते. म्हणून जेवणानंतर काही तासांनी इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं संप्रेरक चढतं आणि यकृत साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीचा प्रकार) फोडून साखर सोडू लागतं. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा. तो आटत जातो तसं यकृत अमिनो आम्लं, लॅक्टेट आणि ग्लिसरॉलपासून नवी साखर बनवतं. त्यात झोपेत स्रवलेलं वाढीचं संप्रेरक आणि पहाटे चढणारं कॉर्टिसॉल इन्सुलिनची धार बोथट करतात. निरोगी स्वादुपिंड अशा वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. मधुमेहात ते पुरं पडत नाही, आणि यकृतही इन्सुलिनचं नीट ऐकत नाही.

१५१ पेक्षा जास्त काळजीची गोष्ट वेगळीच निघाली: जेवण बंद, पण रात्रीची गोळी चालू! ती गोळी स्वादुपिंडातून इन्सुलिन काढणारी. पोट रिकामं असलं तरी ती आपलं काम करतेच, आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं, आणि त्यांच्या सल्ल्याने हलकं जेवण पुन्हा सुरू झालं.

मग साखर नेमकी कधी चढते हे पाहायला तीन रात्री तपासणी: झोपताना, पहाटे ३ वाजता, उठल्याबरोबर. हात साबणाने धुऊन, कोरडे करून. बोटाला गोडाचा अंश असला तरी आकडा फुगतो. पहाटे ३ चे आकडे १२५ ते १३१ आले, सकाळचे १४५ च्या वर. म्हणजे वाढ पहाटेचीच. ही वही पाहून डॉक्टरांनी औषध बदललं.

३ वाजता ७० च्या खाली आकडा आला असता तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमीच असेल तर तेवढंच पुन्हा घ्यायचं, आणि सकाळ होताच डॉक्टरांना कळवायचं, असं बाईंना आधीच लिहून दिलं होतं.