बीसीजी असताना टीबीची नवीन लस कशाला हवी, आणि ती यायला इतका वेळ का लागतोय?

हवीच, कारण बीसीजी मुख्यतः लहान बाळांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, पण मोठ्यांना होणारा फुफ्फुसाचा टीबी ती नीट अडवत नाही, आणि खोकल्यातून रोग पसरतो तो याच मोठ्यांकडून. बीसीजी पहिल्यांदा १९२१ साली माणसाला दिली, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली आणि अजून आपण तिच्यावरच आहोत, हे खरंच वाईट आहे. वेळ लागतो कारण हा जंतू, ज्या पेशींनी त्याला खाऊन संपवायचं त्यांच्याच आत लपून वर्षानुवर्षं राहतो, आणि रक्तात नेमकं काय वाढलं की लस लागू पडली असं समजायचं याची पक्की खूण अजून सापडलेली नाही. त्यामुळे हजारो लोकांना लस देऊन कोणाला टीबी होतो ते काही वर्षं बघत बसावं लागतं, दुसरा शॉर्टकट नाही. एमव्हीए८५ए नावाच्या लसीवर बरीच आशा होती, पण २०१३ मध्ये बाळांवरच्या ट्रायलमध्ये बीसीजीच्या वर तिचा काही खास फायदा दिसला नाही. सध्या पुढे आहे ती एम७२, अंगात जंतू असलेल्या पण आजारी नसलेल्या मोठ्यांमध्ये तिने तीन वर्षांत टीबी जवळपास ५०% कमी केला आणि २०२४ मध्ये तिची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. फक्त एक लक्षात घ्या, तो ५०% चा आकडा लस घेतलेल्यांत १३ आणि न घेतलेल्यांत २६ रुग्ण एवढ्यावरून आलाय, मोठ्या ट्रायलमध्ये तो बदलू शकतो.